नवा फवारणी पंप : आधी पाण्यावर चालवा, मगच औषध घाला



आज आपण पाठीवरच्या हातपंपाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "पंप नवाकोरा आहे, त्याला काय धाड भरलीय?" पण नव्या पंपाच्याही काही बारीकसारीक खोडी असतात. कुठे जोडातून थेंब गळतो, कुठे खटका बंद केला तरी नोझल ठिबकत राहतं, तर कुठे दांडा मारून हात भरून येतात, पण दाब काही धरत नाही. यातल्या बहुतेक खोडी घरच्या घरी दूर करता येतात. मात्र टाकीत औषध पडण्याआधी.

एवढ्याशा थेंबाचं काय, असं समजू नका. सेकंदाला एक थेंब गळाला तर तासाला ३,६०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिली धरला, तरी तासाला १८० मिली औषधाचं पाणी तुमच्या पाठीवर, कमरेवर मुरतं. ओल्या कपड्यातून ते कातडीत शिरतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती. पण अंगावर गळणारा पंप हा धोका आपल्या हातानं टाळण्याजोगा आहे.

तेव्हा पंप घरी आणला की टाकीत चार-पाच लिटर स्वच्छ, गाळलेलं पाणी घाला. पंप बाहेरून कोरडा पुसून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. खटका बंद ठेवून दांडा जड लागेपर्यंत मारा आणि दहा मिनिटं थांबा. कागद कुठे भिजला ते पाहिलं की गळतीची जागा सापडते.

कोणताही जोड उघडण्याआधी एक नियम पाळा. नोझल जमिनीकडे धरून खटका दाबा आणि दाब पूर्ण जाऊ द्या. दाब असताना जोड उघडला तर पाणी थेट तोंडावर उडतं.

आता एकेक खोड पाहू.

जोड गळत असेल तर आधी वॉशर बघा. तो बसवायचा राहिलेला असतो किंवा दुमडलेला असतो. सरळ करून नीट बसवा आणि जोड हातानंच आवळा. पक्कड लावून पिळू नका, प्लॅस्टिकचे आटे जातात. सुतळी-चिंधीही गुंडाळू नका. तिचे धागे सुटून नोझलमध्ये अडकतात.

खटका सोडल्यावरही नोझल ठिबकत असेल, तर खटक्याच्या झडपेत प्लॅस्टिकचा कीस किंवा वाळूचा कण अडकलेला असतो. झडप उघडा, स्वच्छ पाण्यात धुवा आणि भाग ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने बसवा. काढताना ते पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडले म्हणजे चुकत नाही.

दाब येत नसेल तर दट्ट्याचा वॉशर कोरडा पडला आहे का, झडप चिकटली आहे का, ते पहा. वॉशर चामड्याचा असेल तर थोडा वेळ गोड्या तेलात भिजवा. रबरी असेल तर डिझेल किंवा जळकं ऑईल लावू नका, रबर फुगतं. पंपाच्या माहितीपत्रकात सांगितलेलंच वंगण वापरा.

फवारताना टाकीच्या बाजू आत ओढल्या जात असतील, तर झाकणावरचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. ते साफ करा. वाकल्यावर झाकणातून पाणी येत असेल तर झाकणाचं रबर नीट बसवा.

फवारा एका अंगाला पडत असेल तर नोझल उघडून पाण्यात धुवा, जुना दात घासायचा ब्रश फिरवा. बाभळीचा काटा, टाचणी किंवा तार घालू नका. भोक मोठं होतं आणि औषध जास्त जातं. तोंडानं फुंकण्याची सवय तर आजच सोडा. आज नोझलमध्ये पाणी आहे, उद्या विष असेल.

सगळं ठीक झालं की आणखी एक काम करा. एका लयीत दांडा मारत एक मिनिटभर बादलीत फवारा आणि पाणी मापानं मोजा. तो आकडा झाकणावर लिहून ठेवा. पुढे त्याच लयीत मोजून पाणी दहा टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, तर नोझल झिजलं असं समजा आणि बदला.

काही दोष मात्र घरी दुरुस्त करायचे नाहीत. टाकीला चीर असेल किंवा दाबाच्या भांड्याला तडा असेल, तर डिंक, डांबर, एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका. पावती घेऊन पंप दुकानात परत न्या आणि बदलून मागा. एकदा औषध भरल्यावर दुकानदार कुरकुर करणारच. म्हणूनही पाण्याची परीक्षा आधी.

आणि शेतात फवारणी चालू असताना पंप गळू लागला तर "एवढी एक ओळ संपवतो" म्हणू नका. पंप उतरवा, भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा. गरगरलं, मळमळलं तर औषधाची चिठ्ठी असलेला डबा घेऊन लगेच दवाखाना गाठा.

बंधू-भगिनींनो, पंप पाठीवर घेणारा कधी तुम्ही असता, कधी तुमचा मुलगा, कधी रोजानं आलेला गडी. पंप कोणाच्याही पाठीवर असो, ती पाठ कोरडी राहिली पाहिजे.