दोन रुपयांचे निर्माते

कमी खर्चाचा चित्रपट स्वस्त नसतो. उरलेली किंमत कुणीतरी आपल्या मोबदल्यावर पाणी सोडून चुकती करीत असतो. ‘श्वास’मध्ये (२००४) आजोबा साकारणारे अरुण नलावडे त्याचे एक निर्मातेही होते. सुवर्णकमळ मिळाले, तरी ऑस्करच्या प्रचारासाठी लोकवर्गणीच काढावी लागली.

‘मंथन’चे (१९७६) अर्थशास्त्र निराळे. गुजरातेतील ५ लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये आधीच दिले. १० लाखांचे भांडवल उभे राहिले, आणि हेच भागधारक पुढे ट्रकांतून प्रेक्षक म्हणून आले. पटकथा आमच्या तेंडुलकरांची, नायिका आमची स्मिता पाटील. पैसा तेवढा गुजरातचा!

एका साखर कारखान्याच्या सभेत मी विचारले, टनामागे १ रुपया चित्रपटासाठी का कापू नये? अध्यक्षांनी चहा मागविला.