पोलाद न तोडता पारखणे



बॉयलरची नळी आतून कमकुवत झाली, तर जीव धोक्यात येतो तो शेजारी राबणाऱ्या कामगाराचा. तोडून पाहावे तर दोष कळतो, पण वस्तू उरत नाही. म्हणून आपण चुंबकाची मदत घेतो.

चुंबकक्षेत्र वाढवून कमी केले, तरी पोलादातील चुंबकत्व मागे रेंगाळते. यालाच युइंग यांनी 1881 च्या सुमारास ‘हिस्टेरेसिस’ हे नाव दिले. आलेखावर त्याचे बंद वेटोळे उमटते. पोलादातील लहान चुंबकीय प्रदेशांच्या सीमा कार्बाइडच्या कणांत, स्फटिकांतील दोषांत अडकतात. म्हणून कडक पोलादाचे वेटोळे मऊ लोखंडापेक्षा रुंद असते.

जाइल्स आणि अ‍ॅथर्टन यांनी मांडलेल्या गणिती प्रतिमानात पाच राशी आहेत. त्यांपैकी ‘के’ ही राशी या अडथळ्यांचे माप देते. मोजलेल्या वेटोळ्याशी समीकरण जुळवले की ती हाती येते. मात्र ताणानेही वेटोळे बदलते. तेव्हा एका आकड्यावर निकाल न देता माहितीतल्या नमुन्याशी ताडून पाहावे लागते.

‘ये आणि पाहा’ म्हणणाऱ्या धम्माचे आपण अनुयायी आहोत. विद्यार्थ्यांनो, गणिताला भिऊ नका, एवढेच आम्ही सांगतो. त्याने कामगाराचा जीव वाचू शकतो.

जयभीम!