पेटी बंद पडते तेव्हां

सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून उंच असलेल्या तोरणमाळीं इंटरनेटवर भिस्त ठेवून शाळा चालविणें अवघड. तेथील एखाद्या शाळेनें किविक्सच्या साहाय्यानें मराठी विकिपीडियाची प्रत आपल्याच संगणकावर ठेविली, तर बाहेरच्या जोडणीवांचून मुलांना ती वाचतां येईल. अशा आज्ञावली हल्लीं बहुधा 'कंटेनर' म्हणजे बंद पेटींत चालवितात. २०१३ सालीं आलेल्या डॉकरनें ही रीत रूढ केली.

पेटी बंद पडली कीं पुष्कळ लोक ती मोडून नवी मांडतात. ही घाई घातक होय! विकिपीडिया पुन्हां आणतां येईल. पण मुलांचे निबंध दुसऱ्या पेटीच्या पोटांत असतील तर ते तिच्याबरोबरच जातील. म्हणून लेखन पहिल्या दिवसापासून पेटीबाहेरच्या 'व्हॉल्यूम'मध्यें ठेवावें.

आधीं 'लॉग', म्हणजे पेटीची रोजनिशी, वाचावी. १३७ हा अंक ठेवून पेटी थांबली असेल, तर तिला बळानें बंद केलेलें असतें; बहुधा मेमरी अपुरी पडलेली. 'परवानगी नाहीं' असें दिसल्यास आंतल्या वापरकर्त्याचा आणि बाहेरच्या फोल्डरच्या मालकाचा क्रमांक ताडून पाहावा. सर्वांस सर्व मुभा देणें हा आळशाचा उपाय. एका पेटीस दुसरी सांपडत नसेल, तर पत्त्यांत 'लोकलहोस्ट' आहे काय तें पाहावें. पेटीच्या आंत त्या नांवाचा अर्थ ती पेटी स्वतः, शेजारीण नव्हे! दोघींना एकाच नेटवर्कमध्यें ठेवून पत्त्यांत शेजारणीचें नांव घालावें. आणि वीज परत आल्यावर पेटी आपोआप उठावी, तर तशी आज्ञा आधींच लिहावी लागते. मुळांत ती नसते.