ध्रुवावरची गाडी आणि तिचा मिस्त्री
(वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांवर चढतो, त्या यवतमाळ जिल्ह्यात मी बर्फावर चालणाऱ्या गाड्यांविषयी बोलणार, याचे आपणांस नवल वाटेल. पण घरचेच उदाहरण घ्या. हिवाळ्यात खोबरेल तेल थिजते आणि आई बाटली उन्हात ठेवते. ध्रुवप्रदेशात डिझेलचेही तसेच होते. त्यातील मेणासारखा अंश गोठतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडते. म्हणून तिकडे रॉकेलच्या जातीचे हलके इंधन वापरतात. इंजिनचे ऑइल पातळ निवडतात. रेडिएटरच्या पाण्यात ग्लायकॉल मिसळतात. उतरलेली बॅटरी गोठून फुटते, भरलेली टिकते. म्हणून ती सदैव भरलेली ठेवतात. काम संपताच टाकीही भरतात, कारण रिकाम्या टाकीत बाष्प जमून त्याचा बर्फ होतो. सकाळी इंजिनला आधी गरम हवेने शेकावे लागते, तेव्हा कोठे ते सुरू होते. थोडक्यात, उद्याची गाडी आजच तयार करावी लागते.

जानेवारी १९११ मध्ये कॅप्टन स्कॉट यांनी अंटार्क्टिकावर तीन मोटर-स्लेज नेल्या. एक उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोन्ही ध्रुवाच्या वाटेवर थोड्याच दिवसांत बंद पडल्या, त्याही गोठून नव्हे, तर ओझ्याखाली इंजिने तापून! या गाड्या घडविण्यात ज्यांचा मोठा हात होता ते अभियंते स्केल्टन बरोबर नव्हते. हुद्द्याचा प्रश्न निघाला म्हणून त्यांना मायदेशीच ठेवले होते.

याउलट, ४ जानेवारी १९५८ रोजी सर एडमंड हिलरी ध्रुवावर पोहोचले ते साध्या फर्ग्युसन ट्रॅक्टरवर. शेतात नांगर ओढणारेच ते ट्रॅक्टर! चाकांवर पट्टे चढवले आणि ट्रॅक्टर एकमेकांना दोराने बांधले, म्हणजे एखादा बर्फाच्या भेगेत घसरला तर बाकीच्यांनी त्याला धरावे.

आपल्या देशाची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. नेते होते अलीगढ विद्यापीठात शिकलेले डॉ. सय्यद झहूर कासिम. पुढे १९८९ मध्ये 'मैत्री' आणि २०१२ मध्ये 'भारती' ही केंद्रे सुरू झाली. जहाजातून उतरलेला माल पट्ट्यांच्या गाड्या सुमारे १०० किलोमीटर बर्फ तुडवून 'मैत्री'पर्यंत ओढून नेतात. त्या चालत्या ठेवण्यासाठी शास्त्रज्ञांच्या बरोबरीने वाहनांचे तंत्रज्ञही जातात.

मित्रहो, हात काळे करणाऱ्या मुलाला आपण हुशारांच्या पंक्तीत बसवत नाही. स्केल्टनला मागे ठेवण्याची चूक आपल्याकडे घरोघरी होते. पालकांनो, मुलगा गॅरेजात रमत असेल तर त्याला खुशाल रमू द्या. पण शाळा सोडू देऊ नका. तेल का थिजते, हे ज्याला कळले तोच थिजलेली गाडी हलवील.