हाताने फिरवायचे भिंग

हैदराबादच्या मलकपेठ भागात अस्मानगढच्या टेकडीवर निजामाच्या पदरी असलेल्या रेमाँ या फ्रेंच सेनानीची समाधी आहे. तो १७९८ साली वारला. तेथील दगडी स्तंभासमोर एखादा हौशी छायाचित्रकार नव्या कॅमेऱ्याला साठ वर्षांपूर्वीचे भिंग जोडून उभा राहिला, तर पाहणाऱ्यास नवल वाटेल. यंत्र क्षणार्धात आपण होऊन फोकस साधत असताना ही उठाठेव कशासाठी?

तिचा उलगडा त्या भिंगावर कोरलेल्या आकड्यांत आहे. पन्नास मिलिमीटरचे भिंग, त्याचे छिद्र २ या आकड्यावर आणि माणूस दोन मीटरांवर असला, तर सुमारे वीतभर खोलीचेच दृश्य रेखीव उमटते. छिद्र ८ वर आणून कडे दहा मीटरांच्या किंचित पुढे नेले, की सुमारे पाच मीटरांपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट दिसते. कडे फिरविणाऱ्याला हा हिशेब आपोआप पाठ होतो. कोणते रेखीव राहावे आणि कोणते धूसर व्हावे, हे त्यालाच ठरवावे लागते.

हैदराबादला हे नवे नाही. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काळी घाशीव काचेवर उलटी पडणारी प्रतिमा निरखून भिंग पुढेमागे सरकवावे लागे. त्याच निजामाचा महबूब मॅन्शन हा महाल मलकपेठेतच आहे.

आरसा नसलेल्या आजच्या कॅमेऱ्यांत भिंग बसण्याची जागा आणि प्रकाश टिपणारा पडदा यांतील अंतर फार थोडे असते. त्यामुळे मध्ये एक कडे घालून, ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची जुनी भिंगेही त्यांना बसविता येतात.

दोष मात्र झाकू नयेत. समोरून ऊन आले, की पुष्कळशा जुन्या भिंगांत चित्र फिकटते. पावसाळ्यात काचांवर बुरशी धरते. धावते मूल तर हमखास निसटते. ज्याला लग्नसमारंभाची छायाचित्रे वेळेवर द्यावयाची आहेत, त्याने नवेच भिंग वापरावे, हे उत्तम.

परंतु आजारी आजीचा चेहरा टिपावयाचा असेल, तर कडे हळूहळू फिरविताना आधी चष्म्याची काडी, मग पापण्या, मग डोळे स्पष्ट होत जातात. तेवढा वेळ नातू तिच्याकडे नीट पाहतो. छायाचित्र कदाचित बिघडेल. ते पाहणे वाया जात नाही.