भूविज्ञान शिकून पुढे काय?

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांत बारावीचा निकाल लागला की चर्चा ठरलेली. इंजिनिअरिंग, नाहीतर पदवी घेऊन यूपीएससी. याच यूपीएससीची भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा असते, हे मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असतं. त्यातून १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात किंवा केंद्रीय भूजल मंडळात थेट गट ‘अ’ची नेमणूक मिळते. त्यासाठी एम.एस्सी. हवी, म्हणजे पाच वर्षांची तयारी. बी.एस्सी. ऑनर्स आपल्या जवळच, रामलाल आनंद कॉलेजात होतं. पुण्यात शिकायचं तर फर्ग्युसन आहेच.

आता शिकायचं काय? दगडाची चकती काचेवर कार्बोरंडमची पूड टाकून घासत राहायची, जाडी ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. बोट जरा जास्त दाबलं की कडा उडते आणि सकाळ फुकट जाते. साधली, तर सह्याद्रीच्या काळ्याठिक्कर बेसॉल्टमधून सूक्ष्मदर्शकाखाली आरपार उजेड येतो आणि फेल्डस्पारचे काळे-पांढरे पट्टे दिसतात. बाकी हातोडी, भिंग, होकायंत्र घेऊन उन्हातान्हात हिंडणं. चालायचा कंटाळा असेल, तर या वाटेला जाऊच नये.

नोकऱ्या म्हणाल, तर ओएनजीसी, नागपूरकडे कोळसा आणि मँगनीजच्या खाणी, शिवाय बोगदे आणि धरणं. पण माझ्या मते खरी निकड पाण्याची आहे. दख्खनच्या घट्ट पाषाणात पाणी नसतं. ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. म्हणून एकाच शिवारात एक विहीर तुडुंब आणि शेजारची कोरडी. तरीही बोअर कुठे घ्यायचं ते नारळ हातावर धरून ठरवणारे आहेतच! दिल्लीतही रिजवरच्या क्वार्टझाइटमध्ये पाणी भेगांत सापडतं, तर यमुनेकाठी वाळूच्या थरांत. हा फरक ओळखणारी माणसं महाराष्ट्राच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेला लागतात आणि गावोगावी पाणलोटाची कामं करणाऱ्या संस्थांनाही.

सरकारी जागा मोजक्याच निघतात, हेही खरं. तेव्हा उपग्रहचित्रं आणि जीआयएस शिकून ठेवावं. एम.एस्सी. आयआयटीत करायची असेल, तर ‘जॅम’ परीक्षेत जिऑलॉजीचा स्वतंत्र पेपर असतो. इंजिनिअरिंग हुकलं म्हणून हळहळणाऱ्या आईवडिलांनी या पेपरची चौकशी जरूर करावी.