तल्लफ आणि मेंदू

श्रोतेहो, वेळापुरास आयुष्यभर मास्तरकी केलेल्या एका मॅट्रिक माणसानें मेंदूच्या रसायनांवर बोलावें, हें धारिष्टच होय. परंतु हा धडा मीं पुस्तकापूर्वीं स्वतःच्या चंचींत गिरविला आहे. तीस वर्षें मीं तंबाखू मळली. एकदां खिशांत पुडी सांपडली म्हणून एका मुलास छडी मारली. तेव्हां माझ्याच दाढेखालीं बार होता. मुलगा रडला नाहीं; नुसता माझ्या गालाकडे पाहत राहिला.

तंबाखू आपल्या भागास नवी नव्हे. ती पोर्तुगीजांनीं या देशांत आणली. आणि आपल्या शेजारच्या विजापुराहूनच १६०४ च्या सुमारास असद बेगानें ती अकबराच्या दरबारीं नेली. २०१६-१७ च्या पाहणींत महाराष्ट्रांतील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू सेवन करीत असल्याचें आढळलें. इतक्या सर्वांच्या ठायीं निश्चयाचाच अभाव आहे, असें म्हणावें काय?

तंबाखूंतील मुख्य द्रव्य निकोटिन. चुना क्षारधर्मी असल्यामुळें तें मोकळें होऊन तोंडाच्या त्वचेंतून त्वरित रक्तांत शिरतें. मेंदूंतील पेशींवर सूक्ष्म द्वारें असतात. तीं उघडण्याकरितां शरीर ॲसिटिलकोलिन नांवाचें द्रव्य स्वतःच तयार करतें. निकोटिनचा अणुगुच्छ त्याच्याशीं इतका मिळताजुळता, कीं तो परका असूनहि द्वार उघडतो. मग डोपामिन स्रवतें, आणि ‘हें पुन्हा कर’ असा संस्कार मेंदूवर उमटतो.

शाळेची घंटा दिवसभर वाजूं लागली, तर मुलें ती ऐकेनाशीं होतील. तद्वत् हीं द्वारें सततच्या निकोटिननें बधिर होतात, आणि त्यांची संख्या वाढते. रात्रभर निकोटिन न मिळाल्यानें हीं वाढलेलीं द्वारें पुनः जागीं होतात. सकाळीं उठल्याबरोबर हात चंचीकडे जातो, त्याचें हें एक कारण मानितात. शिवाय, प्राण्यांवरील प्रयोगांत असें दिसलें आहे, कीं वारंवार सेवनानें डेल्टा-फॉस-बी नांवाचें प्रथिन मेंदूंत सांचतें, कित्येक आठवडे टिकतें व पेशींतील जनुकांचें कार्य बदलतें.

एके वर्षीं आषाढांत माउलींची पालखी आमच्या गांवीं मुक्कामास असतां मीं तंबाखू सोडण्याची शपथ घेतली. चौथ्या दिवशीं ती मोडली. डोकें दुखे, हात कांपे, वर्गांत मुलांवर विनाकारण संताप येई. मी स्वतःस पापी समजलों आणि लाजेनें पूर्वीहून अधिक खाऊं लागलों. शपथेचा दिवस एक असतो. मेंदूचे दिवस अनेक असतात, हें मला ठाऊक नव्हतें. सेवन थांबविल्यावर वाढलेलीं द्वारें कांहीं आठवड्यांत हळूहळू पूर्वपदावर येतात. पुढें डॉक्टरांच्या सल्ल्यानें, निकोटिनच्या गोळ्यांचें प्रमाण उतरवीत, माझी सुटका झाली.

याचा अर्थ व्यसनी मनुष्यावर जबाबदारी नाहीं, असा नव्हे. परंतु ज्या घरांत त्याला केवळ टोमणे मिळतात, तेथें तो व्यसन सोडीत नाहीं, लपवूं लागतो. पहिले आठवडे कठीण जाणार हें घरच्यांनीं आधींच जाणावें; चिडचिड सोसावी; एकदां पाय घसरला म्हणून सर्व गेलें असें मानूं नये. १८००-११-२३५६ या क्रमांकावर शासनाकडून विनामूल्य सल्लाहि मिळतो.

तो छडी खाल्लेला मुलगा आतां दोन लेकरांचा बाप आहे. मागें एका सायंकाळीं तो माझ्या ओट्यावर येऊन म्हणाला, “गुरुजी, सुटत नाहीं.” मीं प्रथम त्या छडीबद्दल त्याची क्षमा मागितली. तेव्हांपासून रोज दिवेलागणीस, त्याच्या तल्लफेच्या वेळीं, आम्ही दोघे अर्धनारीनटेश्वराच्या देवळापर्यंत चालत जातों. मध्यंतरीं दोनदां त्यानें तंबाखू खाल्ली, आणि दोन्ही वेळां आपण होऊन सांगितली. आज त्याला सोडून साठ दिवस झाले. तो सुटला असें मी अद्याप म्हणत नाहीं. उद्यां एकसष्टावा दिवस आहे, एवढेंच म्हणतों.